सरांचा अर्धा धबधबा

आमच्या भूगोलाच्या सरांइतका दिशांवर भरवसा असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगेन. डावं-उजवं हे शब्द अहमदपूरच्या आमच्या हायस्कुलात त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. "जरा पूर्वेला सरक" म्हटलं की नव्या पोरी घाबरून जागच्या जागी उभ्या राहायच्या. घरी जेवतानाही ते बाईंना ताटाच्या वायव्येला चटणी वाढायला सांगत, आणि त्या माउलीला कधी फिरून विचारावं लागलं नाही, इतका तिचा भूगोल संसारात पक्का झाला होता.

धबधबा शिकवायचा दिवस तर सणासारखा. निळ्या खडूनं ते फळ्यावर असा धबधबा पाडत की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहत. तोंडानं पाण्याचा आवाजही सरच काढत. पण खराखुरा धबधबा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, हे त्यांनी आम्हाला दहावीत स्वतःच सांगून टाकलं. पुढल्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते, आणि त्याआधी एकदा वर्गाला घेऊन पैनगंगेवरचं सहस्रकुंड बघायचं, एवढी एकच हौस राहिली होती.

नेमका त्याच वर्षी पावसानं दगा दिला. लातूर नवा जिल्हा झालेला, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला, आणि इकडे विहिरी तळाला गेलेल्या. हेडमास्तर म्हणाले, औंदा कसली सहल अन् कसला धबधबा! सर म्हणाले, पैनगंगा हाय ती, नाला न्हाई. घरोघरी फिरून त्यांनी पालकांना राजी केलं. माझ्या वडिलांनी 'पोरीची जात' म्हणून तोंड फिरवलं, तर सर आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसले आणि वडील 'हाव' म्हणेपर्यंत चहा पीत राहिले. सरांची अट एकच होती: दुष्काळात दुसऱ्याच्या गावचं पाणी तोंडाला लावायचं नाही, ज्यानं त्यानं आपलं न्यायचं. मग काय, एसटीत आमच्यापेक्षा कॅन आणि फिरकीचे तांबेच जास्त.

गाडी लागणाऱ्यांनी उत्तरेच्या खिडक्यांशी बसावं, असं सरांनी ठरवून दिलं. आता रस्ता वळला की उत्तर दिशा दुसऱ्या अंगाला जायची, आणि तिच्या मागोमाग अर्धा वर्ग चिवड्याच्या पुड्यांसकट उठायचा. लोहा येईस्तोवर कंडक्टरनं हात जोडले. त्याआधी जिल्ह्याच्या शिवेवर तर सरांनी गाडीच थांबवली होती. सगळ्यांना खाली उतरवून एक पाय लातुरात, एक नांदेडात ठेवायला लावला. जवळच्या मेंढपाळानं सांगितलं, सर, शीव मागंच गेली की. सरांनी त्याचे आभार मानले आणि सगळ्या वर्गाला तसंच मागं चालवत नेलं.

भोकर गेलं तसे सर सावरून बसले. खिशातला कंगवा काढून केस नीट केले, जसं काही मोठ्या पाहुण्याला भेटायचंय. आणि पुढं सहस्रकुंडला बघतो तर काय, नुसता काळा खडक. तळाशी डबक्यात हिरवट पाणी, आणि पात्रात दोघी-तिघी बाया झरा उकरत बसलेल्या. मला तर रडूच आलं.

माझ्या मैत्रिणीच्या डोक्यात आलं, सगळ्यांनी वरून एकदम कॅन ओतायचे, सरांपुरता तरी धबधबा होईल. आम्ही धावत जाऊन झाकणं उघडली, तोच सर ओरडले. ते ओरडलेले मी तेवढेच ऐकले.

"थेंब सांडायचा न्हाई! माझ्या हौसेपायी पाणी दगडावर घालता? त्या बायांच्या घागरीत वता ते."

घोट-घोट ठेवून आम्ही घागरी भरून दिल्या. तोवर सर खाली उतरून खडकावर हात फिरवत होते. मग त्यांनी आम्हाला बोलावलं. पाणी असतं तर इथवर कुणी येऊ दिलं असतं का, म्हणाले. पाण्यानं गरगर फिरवलेल्या गोट्यांनी खडकात कोरलेले रांजणखळगे त्यांनी दाखवले, एकात खांद्यापर्यंत हात घालून गुळगुळीत गोटा वर काढला. इतका सुंदर तास सरांनी शाळेत कधी घेतला नव्हता. येताना मात्र रस्ता कितीदा वळला, तरी त्यांनी कुणालाच जागा बदलायला लावली नाही.

पुढं पाऊसपाणी बरं झालं. आम्ही त्यांना किती म्हटलं, चला सर, नेऊन आणतो. "एकट्यानं बघून काय करू? सांगायला वर्ग कुठाय?" म्हणून ते टाळत राहिले. मग गुडघ्यांनीच साथ सोडली.

लग्नानंतर एका भर पावसाळ्यात मी सहस्रकुंडला गेले आणि परतताना थेट त्यांच्या घरी. सर खाटेवर होते. "सांग," म्हणाले. वर्गातल्यासारखी उभी राहून मी सगळं सांगितलं.

"आन् रांजणखळगे?"

"दिसले न्हाईत सर. सगळे पाण्याखाली होते."

त्यांचा चेहरा असा काही फुलला!

"म्हंजे तू अर्धाच बघितलास. ऱ्हायलेला अर्धा मी बघितलाय."

मग उशीला टेकून त्यांनी डोळे मिटले आणि मला बसायला सांगितलं. पाणी पडतं तिथून परत सांग, म्हणाले, सावकाश. मी बसून पहिल्यापासून सांगायला लागले.