टकल्याला कोणी लोळवलं?

गाडी शिकवणाऱ्या माणसाची एक मोठी सोय असते. त्याचं ऐकणारा दार उघडून पळून जाऊ शकत नाही. मास्तरांनी या सोयीचा आयुष्यभर पुरेपूर फायदा उठवला. शिकायला आलेला माणूस चढावर हाफ क्लचवर लटकलेला असायचा, मागचा ट्रकवाला हॉर्न बडवत असायचा, त्या बिचाऱ्याला घाम फुटलेला असायचा, आणि शेजारच्या सीटवर स्वतःच्या वेगळ्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तर निवांतपणे म्हणत असायचे, "घाबरायचं नाही. आपण टकल्याला लोळवलंय."

टकल्या हा व्हिडिओ गेममधला गुंड. मास्तर कॉलेजात मन लावून नापास होत होते, त्या काळात सायकलच्या दुकानामागे पत्र्याच्या खोलीत एक गेम पार्लर होतं. तिथे कपाटाएवढ्या मशिनवर मारामारीचा एक गेम होता. बनियन घातलेला हिरो पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत निघतो आणि वाटेत भेटेल त्याला बडवतो. का बडवतो, हे कोणी विचारत नसे. बाजार, गोदाम, कारखाना असं बडवत बडवत तो शेवटी बंगल्याच्या गच्चीवर पोचतो. तिथे साखळी घेऊन टकल्या उभा. पुढे गेलं की साखळी, उडी मारली की साखळी, माघारी पळालं तर पाठीत साखळी. तो गेम बनवणाऱ्याचं मनुष्यजातीशीच काहीतरी वैर असावं. आजूबाजूची सगळी पोरं त्या गच्चीवर आडवी झाली होती. गेम संपवलेला माणूस कोणी पाहिला नव्हता.

मास्तरांनी तो संपवला, हे खोटं नाही. फक्त एकट्याने संपवला नाही.

झालं असं की एका संध्याकाळी आईने ताईला पाठवलं, त्या दिवट्याला कान धरून घरी आण म्हणून. ताई मास्तरांची थोरली बहीण. ती पार्लरमध्ये शिरली, कान धरला, आणि धरलेल्या कानासकट पडद्याकडे बघत उभी राहिली. मशिनला दोन दांडे होते. दुसऱ्या दांड्यावर दुसरा हिरो खेळवता यायचा. ताईने कान सोडला आणि तो दांडा धरला. पुढे काही दिवस आईला दोघंही घरी यायला उशीर का करतात ते कळेना. टकल्याची खोड ताईच्याच लक्षात आली. तो समोरच्याला मारत असतो तेव्हा त्याला मागचा दिसत नाही. म्हणजे एकाने पुढे उभं राहून मार खायचा आणि दुसऱ्याने मागून हाणायचं. मार कोणी खायचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. ताई पुढे उभी राहिली. शेवटचा ठोसा मास्तरांचा.

आणि ठोसा ज्याचा, गेम त्याचा, असा मास्तरांचा सरळ हिशेब होता.

'आपण' हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात तू आणि मी दोघं मावतो, आणि फुशारकी मारायची असेल तर एकटा मीसुद्धा पाय पसरून झोपू शकतो. मास्तरांचा विद्यार्थी परीक्षेत पास झाला की "आपण पास झालो" आणि नापास झाला की "तू आरशात बघितलं नाहीस." आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला न्हाऊमाखू घालणं, औषधं, रात्रीची जागरणं सगळं ताईने केलं. मास्तर रविवारी सफरचंदं घेऊन यायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "आपण आईला काही कमी पडू दिलं नाही."

ताई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि संध्याकाळी घरी यायचं. लग्न राहून गेलं होतं. भावाचा तिला अभिमान होता, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. मास्तरांच्या बायकोने एकदा वैतागून म्हटलं, "ताई, हे जिकडेतिकडे आपण, आपण करत फिरतात, तुम्हाला राग नाही येत?"

ताई हसून म्हणाली, "राग कसला? दुसरा असता तर 'मी' म्हणाला असता. हा मला धरून बोलतो."

बायकोने कपाळावर हात मारला.

मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं. होणारा जावई जुनी यंत्रं दुरुस्त करणारा निघाला, आणि त्याच्या बाहेरच्या खोलीत सोफ्याला जागा नव्हती, कारण तिथे तेच मशिन उभं होतं. भंगारातून आणून त्याने ते चालू केलं होतं. मुलगीही त्याच्याबरोबर खेळून चांगली तयार झाली होती, पण दोघांची मजल कारखान्यापुढे जात नव्हती. एका रविवारी दुपारी त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मास्तर दारातून आत आले, मशिन पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम लायसन्स घरी विसरलेल्या माणसासारखा झाला.

जेवणं झाली. जावई हात पुसत म्हणाला, "काका, आज दाखवाच. ही सांगत असते, तुम्ही टकल्याला मारलंय म्हणून."

"आपण मारलंय की!" मास्तर म्हणाले. "पण आता मानेचा त्रास असतो."

"म्हणजे तुम्ही एकट्याने?"

प्रश्न साधा होता. पोरगा यंत्रं दुरुस्त करणारा, त्याला सुटा भाग नीट बघायची सवय. ताई खुर्चीत बसली होती. तिने मान वर करून भावाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू तयारच होतं.

"मग? अजून कोण?" मास्तर म्हणाले.

ताईचं हसू गेलं. तिला ते लागलं, आणि लागलेलं खोलीतल्या सगळ्यांना दिसलं, फक्त मास्तरांना सोडून. ती उठली, मशिनपाशी गेली आणि दुसरा दांडा धरला.

"चल," ती म्हणाली. "दाखव."

आता नाही कसं म्हणणार? मास्तर पुढे झाले. बाजार सुरू झाला. पहिला गुंड आला, त्याला मास्तरांनी लोळवलं. लगेच मागून एक ठोसा बसला.

"अगं, मला लागतंय!"

"हो का?" ताई म्हणाली.

त्या गेमची गंमत अशी की आपला ठोसा जोडीदारालाही लागतो. गोदामात ताईने मास्तरांना पेटीवर आपटलं. कारखान्याच्या पट्ट्यावर तर गुंड बाजूला उभे राहिल्यासारखे वाटत होते आणि बाई भावालाच तुडवत होती. मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. मास्तरांच्या हिरोचा शेवटचा जीव गेला तसे ते बाजूला सरकले. "हा दांडाच सैल आहे," असा निकाल त्यांनी दिला.

ताई एकटी पुढे गेली. गुंडामागून गुंड, दात घासावेत तितक्या शांतपणे. गच्ची आली. साखळी फिरली आणि तिची अर्धी ताकद एका फटक्यात गेली. मास्तरांच्या बाजूच्या कोपऱ्यात 'बटण दाबा, खेळात या' अशी अक्षरं चमकत होती.

"काका, बटण दाबा ना! त्या एकट्या पडल्यात!" जावई ओरडला.

मास्तरांनी बटणाकडे पाहिलं. दाबलं की दोघं मिळून जिंकणार, आणि दोघं मिळूनच जिंकता येतं हे या पोराला कळणार. मग इतकी वर्षं चढावर लटकवून ठेवलेल्या त्या सगळ्यांना काय सांगितलं होतं आपण? त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

पडद्यावरची नजर न काढता ताई हळूच म्हणाली, "येतोस का रे?"

त्या तीन शब्दांत राग नव्हता. लहानपणी अंधाऱ्या जिन्यात हाक मारायची तशी ती हाक होती. मास्तरांना ती ऐकू आली. एक हात पाठीमागून सुटलासुद्धा. मग जावई आपल्याकडे बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"मान धरलीय गं," ते म्हणाले, आणि तो हात मानेवर ठेवला.

मुलगी बापाला बाजूला ढकलून पुढे आली. तिने बटण दाबलं, दांडा धरला. "आत्या, याला मागचं दिसत नाही वाटतं. मी पुढे होते. तू हाण."

"अगं, मार फार बसतो."

"बसू दे."

पोरगी साखळीसमोर उभी राहिली. ताई मागून गेली आणि हाणत राहिली. टकल्या गुडघ्यावर आला, पुन्हा उठला, आणि ताईच्या ठोशाने गच्चीवरून खाली गेला. जावयाने शिट्टी मारली. मास्तरांच्या बायकोने तर टाळ्याच वाजवल्या. ताई बोटं झटकत उभी होती आणि भाची तिच्या गळ्यात पडली होती.

एवढा आनंदाचा प्रसंग, आणि मास्तर कोपऱ्यात कसे राहतील? मानेवरचा हात काढून ते दोघींच्या मध्ये घुसले.

"बघितलंस?" ते जावयाला म्हणाले. "सांगत नव्हतो? आपण लोळवलं की नाही टकल्याला?"

ताईने भाचीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग भावाकडे वळली, आणि लॅबमध्ये कोणी चुकीचा दात उचलला तर सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आपण नाही रे. आम्ही."