फहीमच्या पॅकेजचा वारस

११ जुलै २०२५ रोजी फहीम शेख याच्या बँक खात्यात परदेशातून चार हजार दोनशे सोळा रुपये चाळीस पैसे जमा झाले. निघाले तेव्हा ते पन्नास डॉलर होते. वाटेत बँकांनी आपापले कापून घेतले. त्याआधी बँकेने त्याच्या हातात एक फॉर्म दिला होता आणि रक्कम कशाबद्दल येत आहे ते लिहायला सांगितले होते. फहीमला ते लिहिता येईना, म्हणून तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला.

मी जुन्या जालन्यातल्या एका नागरी पतसंस्थेत हिशोब विभाग सांभाळतो. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. फहीमचे शहरातल्याच मस्तगड भागात कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्तीचे दुकान आहे आणि आमच्या सगळ्या शाखांतली यंत्रे तोच बघतो. फॉर्म टेबलावर ठेवून मी त्याला रीतसर विचारत गेलो.

"माल विकला का बाहेर?"

"न्हाई साहेब."

"नातेवाईक आहे कुणी तिकडे?"

"आपला सगळ्यात लांबचा नातेवाईक परभणीला राहतो."

"मग डॉलर कशाचे?"

"त्येच तर लिहायचंय," तो म्हणाला.

शेवटी आम्ही 'भेट' असे लिहिले. बँकेने ते मान्य केले.

ही भेट कशाची, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. तेरा वर्षांपूर्वी आमच्या संस्थेला विकतच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा खर्च झेपेना, तेव्हा फहीमने सर्व शाखांत लिनक्स जातीची, फुकट मिळणारी सिस्टीम बसवून दिली. सगळे नीट चालले, फक्त पासबुक छापले जाईना. आमचे प्रिंटर जुने, रिबनचे. मराठी अक्षर आले की वेलांटी एकीकडे पडायची आणि अक्षर दुसरीकडे. खातेदार पासबुक उलटे धरून बघायचे. दक्षिणेतल्या एका प्राध्यापकाने यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, पण त्या सिस्टीममध्ये तो कुणी सांभाळत नव्हते. फहीमने तो सांभाळायला घेतला.

सांभाळायला घेतला म्हणजे काय, हे मलाही उशिरा कळले. अशा सिस्टीममध्ये हजारो लहान लहान प्रोग्राम असतात. प्रत्येकाचे एक पॅकेज बांधावे लागते, म्हणजे ते कुठल्याही यंत्रावर नीट बसते. प्रोग्राम लिहिणारा एक असतो आणि पॅकेज सांभाळणारा बहुधा दुसराच. दर दोन-अडीच वर्षांनी सिस्टीमची नवी आवृत्ती निघते, आतले इतर भाग बदलतात आणि काल चालणारी गोष्ट आज अडते. ती अडू नये म्हणून सांभाळणाऱ्याने तक्रारी वाचायच्या, दुरुस्ती करायची आणि आपली इलेक्ट्रॉनिक सही करून पॅकेज मुख्य सर्व्हरवर चढवायचे. तिथून ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर उतरते. आमच्या शाखांतले कॉम्प्युटर फहीमची सही बघतात आणि पुढे काही विचारत नाहीत; सही करणाऱ्याने आत काही वाईट घातले तर तेही तसेच बसेल. या कामाला त्याला कुणाचा पगार नाही.

पहिली काही वर्षे त्याला याचे अप्रूप होते. नेपाळातल्या एका सहकारी संस्थेतून मेल आला, बिहारमधल्या वजनकाट्यावरून आला, की तो मला येऊन सांगायचा. पुढे प्राध्यापकाचे उत्तर येणे बंद झाले. मूळ प्रोग्रामही फहीमच्याच गळ्यात पडला. सकाळी फजरची नमाज झाली की दुकान उघडेपर्यंत तो याच कामाला बसायचा. आभाराचे मेल कमी झाले, तक्रारींचे वाढले. एकाने लिहिले होते, तुम्हाला जमत नसेल तर सोडा. फहीमने तो मेल मला वाचून दाखवला.

"सोडायचं तर हायेच साहेब. मी कुठं न्हाई म्हणतो. पण कुणाच्या हातात?"

त्याचे वय चव्वेचाळीस. मान धरलेली, उजवा हात मधून मधून बधिर होतो. दुकानाचा धंदाही पूर्वीचा राहिलेला नाही, लोक प्रिंटर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेतात. मोठी मुलगी पॉलिटेक्निकला आहे. सिस्टीमची नवी आवृत्ती येणार होती आणि तिच्यात हा जुना प्रोग्राम चालणार नव्हता. बराचसा नव्याने लिहायला हवा होता, नाहीतर यादीतून काढून टाकणार होते. या सुमारास लुकास आला.

आला म्हणजे मेलवर आला. युरोपातल्या एका मोठ्या शहरात राहतो, एवढेच त्याने स्वतःबद्दल लिहिले होते. त्याने न मागता दोन-चार दुरुस्त्या पाठवल्या. फहीम म्हणाला की काम स्वच्छ होते, त्याच्या स्वतःच्या कामापेक्षा स्वच्छ. मग ते पन्नास डॉलर आले, सोबत एक ओळ : तुमच्या चहासाठी. एवढ्या वर्षांत या कामाचा पहिला पैसा. फहीमने त्यातून चष्मा केला, कारण पडद्यावरची अक्षरे त्याला दोन-दोन दिसायला लागली होती.

दोन आठवड्यांनी लुकासने विचारले की तुम्ही थकलेले दिसता, पॅकेज माझ्या नावावर का करत नाही? आणखी दोन नावांनी मेल आले. लुकास तयार असताना फहीम अडून का बसला आहे, असे त्यांचे म्हणणे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी बिघडलेला प्रिंटर घेऊन दुकानात गेलो होतो. फहीमची बायको साजिया डबा घेऊन आली होती. ती मला भाईसाब म्हणते आणि नवऱ्याची तक्रार सरळ माझ्याकडे करते.

"भाईसाब, तुम्हीच सांगा. एवढ्या वर्षांत एक अल्लाचा बंदा बोलला, मैं करता. ते बी फुकट. आणि हे अजून विचार करून राह्यलेत."

"विचार न्हाई," फहीम म्हणाला. "द्यायचं ठरलंय."

"मंग दिलं का?"

"उद्या देतो."

"यांचं उद्या कसं असतं ते मला विचारा. डॉक्टरनं मानेला पट्टा सांगितला. पट्टा कुठाय? त्या कॉम्प्युटरच्या डब्याला गुंडाळलाय."

"त्या डब्याचं झाकण ढिलं हाय," फहीम म्हणाला.

"आणि मान घट्ट हाय, न्हाई का?"

मी हसलो. मग काही विशेष मनात न धरता विचारले, "या लुकासला कुणी पाहिलंय का?"

आमच्याकडे पूर्वी नवे खाते उघडताना जुन्या सभासदाची सही लागायची. त्याला आम्ही ओळखदार म्हणायचो. आधार आणि फोटो आले तरी आमच्या संस्थेने ती सही चालू ठेवली आहे. ओळखदाराने पैशाची हमी द्यायची नसते. या माणसाला मी डोळ्यांनी पाहिले आहे, एवढेच त्याने सांगायचे असते. मला सवयीने तेच सुचले.

फहीमने डब्यातली पोळी खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्यात बी हाय तसं."

त्यांच्यातली, म्हणजे ही सिस्टीम चालवणाऱ्या स्वयंसेवकांतली, रीत अशी की ज्याला सहीचा अधिकार हवा, त्याने दोन जुन्या सभासदांना समक्ष भेटायचे. ओळखपत्र दाखवायचे. प्रत्येकाच्या इलेक्ट्रॉनिक सहीची एक चाळीस अक्षरी खूण असते, ती कागदावरून मोठ्याने वाचून ताडून बघायची. मगच ते त्याच्या सहीवर आपली सही करतात. फहीम स्वतः त्यासाठी रेल्वेने हैदराबादला गेला होता. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन माणसांनी त्याचे मतदार ओळखपत्र उलटून पालटून पाहिले, मग तिघांनी अक्षरे वाचली. वेटरला वाटले लॉटरीचे नंबर चालले आहेत.

"मग लुकासला द्यायची घाई का करताय?" मी म्हणालो.

"घाई न्हाई साहेब. थकलो." तो म्हणाला. "आणि त्यानं पैसे दिलेत. चष्मा त्याचा, आणि त्यालाच विचारू, तुला कुणी बघितलंय का?"

साजियाने उरलेला डबा बंद केला. "झालं. भाईसाब बोलले, आता हे कशाला देतात!" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ते मला लागले, कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते. पॅकेज फहीमच्याच हातात राहावे, यात आमच्या संस्थेची सोय होती. मान त्याची होती.

त्याने दोन दिवस घेऊन लुकासला मेल लिहिला. इंग्रजी मला तपासायला दिले. मी फक्त एक वाक्य लहान केले. तुमच्या शहरात आपले बरेच सभासद आहेत, त्यांतल्या दोघांना भेटा, त्यांनी सही केली की त्याच दिवशी मी पॅकेज तुमच्या नावावर करतो, असा मजकूर होता. खाली आभार होते.

लुकासने कळवले की तो आजारी आहे. नंतर कळवले की प्रवासात आहे. फहीमने दोन्ही वेळा लिहिले की काही हरकत नाही, थांबतो. तिसरा मेल लांब होता. मी तुम्हाला काम दिले, पैसे दिले, आणि तुम्ही माझ्यावर चोरासारखा संशय घेता, असे त्यात होते. त्या दुसऱ्या दोघांनी लगेच त्याची बाजू घेतली. फहीमसारखी माणसे असल्यामुळेच अशी पॅकेजे मरतात, असे एकाने सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहिले.

फहीम हे सांगायला माझ्या टेबलाशी आला तेव्हा खुर्चीत बसला नाही.

"त्यानं पैशाचं काढलं साहेब."

"परत करून टाकू. किती लागतील बघू."

"मी लिहिलं त्याला, खाते नंबर दे म्हणून. उत्तर न्हाई."

"मग?"

"मंग काय. चष्मा काढून ठेवू का?" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. हसताना त्याचा हात मानेवर गेला.

त्यानंतर लुकासचा मेल आलाच नाही. ते दुसरे दोघेही त्याच सुमारास गप्प झाले. यावरून काही सिद्ध होत नाही. लुकास खरोखर आजारी असू शकतो. कागदपत्रे दाखवायची एखाद्याला अडचण असू शकते. त्याच्या हाती सही गेली असती तर त्याने काम फहीमपेक्षा चांगले केले असते, हेही शक्य आहे. फहीम आजही म्हणतो, "अच्छा आदमी बी असंल. आपल्याला कळायचं न्हाई."

आता पॅकेजला वारस नव्हता आणि नव्या आवृत्तीची मुदत तशीच होती. फहीमने त्यांच्या रीतीप्रमाणे जाहीर सूचना लावली की या पॅकेजला सांभाळणारा हवा आहे. नेपाळच्या त्या संस्थेतल्या बाईंनी लिहिले की छापून बघायला मदत करीन, पण जबाबदारी घेता येणार नाही. दुसरे कुणी आले नाही.

मग त्यानेच लिहायला घेतले. सकाळचा वेळ पुरेना म्हणून दुपारपर्यंत तो घरीच बसू लागला आणि दुकान साजिया उघडू लागली. ती झेरॉक्स काढायची, ऑनलाइन अर्ज भरून द्यायची, बिघडलेली यंत्रे चिठ्ठी लावून मांडून ठेवायची. मी एकदा गेलो तेव्हा म्हणाली, "बघा भाईसाब, एक माणूस फुकट काम करून राह्यलाय, दुसरं माणूस त्याची बदली." तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागाला लागणारी ताकद तिच्यात उरलेली दिसली नाही.

लिहून झाल्यावर ते जुन्या प्रिंटरवर छापून बघणे भाग होते. जालन्यातले जुने प्रिंटर आम्ही तोवर बदलून रिबनचेच नवे घेतले होते. जुना एक अंबड शाखेत शिल्लक होता. त्या दिवशी मीही तिथे तपासणीला गेलो होतो. फहीम एसटीने आला. मानेला पट्टा होता. त्याने एकामागून एक पाने छापली. पहिल्या पानांवर मात्रा सरकत होत्या. तो काही बदलायचा, पुन्हा छापायचा. प्रिंटरच्या आवाजाने शाखेत कुणाला फोनवर बोलता येईना. जेवणाची सुट्टी संपल्यावर एक पान बरोबर आले. मग दुसरे आले. त्याने ते खिडकीशी धरून चष्म्यातून पाहिले, चष्मा वर करून पाहिले आणि माझ्याकडे दिले. एका खातेदार बाईंच्या पासबुकाचे पान होते. नाव, तारीख, जमा, नावे, शिल्लक, सगळे जागच्या जागी. त्याने तिथेच सही करून पॅकेज चढवले.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो.

"आता किती दिवस निवांत?" मी विचारले.

"पुढची आवृत्ती येईपर्यंत. दोन वर्षं."

"तेव्हा मी नसेन इथे."

"मी असंल," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "साजियाला सांगू नका, दोन वर्षं म्हणून. तिला मी संपलं म्हणून सांगितलंय."

पुढे तो झोपला. पट्ट्यामुळे त्याची मान बाजूला पडत नव्हती, म्हणून तो सरळ बसून झोपला होता. बसस्थानकावर मी त्याला उठवले.

पॅकेज नव्या आवृत्तीच्या यादीत टिकले. सांभाळणारा हवा, ही सूचनाही अजून तशीच लावलेली आहे. आमच्या शाखांत नवी सिस्टीम बसली आणि पासबुके छापली जात आहेत. अंबडला येण्याजाण्याचे प्रवास बिल मी फहीमच्या नावाने तयार करून संचालक मंडळापुढे ठेवले. तो संस्थेचा नोकर नाही, त्यामुळे मंडळाची मंजुरी लागते. गणपूर्तीअभावी बैठक दोनदा तहकूब झाली. फहीमचे एकशे दोन रुपये संस्थेकडे बाकी आहेत.