एकदाच विचारलं होतं

मोठ्या जहाजावर एकट्या माणसाला एकट्याची खोली सहसा मिळत नाही. खोल्या दोघांच्याच असतात, आणि एकटे गेलात तर दुसऱ्याचं भाडंही जवळजवळ तुम्हीच भरायचं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या मला हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी इंदूरच्या ट्रॅव्हल एजंटशी अर्धा तास हुज्जत घातली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, किसी को साथ ले जाइए ना. पैसा तो उतना ही लगना है." मी म्हटलं, "साथ में कोई नहीं है." अगदी सहज म्हटलं. घरी ताई होती.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती शाळेत गणित शिकवायची, मी बँकेत. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. तिचं का नाही झालं ते तिने सांगितलं नाही आणि माझं का नाही झालं ते मला कुणी विचारलं नाही. आई-वडील गेल्यावर आम्ही उज्जैनच्या फ्रीगंजमधलं भाड्याचं घर सोडलं आणि नानाखेड्याला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आमचे पूर्वज दरबारी चाकरीत इकडे आलेले, त्यामुळे आमची मराठी अशी की पुण्याचे नातेवाईक तोंडावर हात धरून हसतात. पण घरातल्या रीती मात्र आम्ही त्यांच्यापेक्षा घट्ट धरून ठेवल्या. म्हणजे ताईने धरून ठेवल्या. मी पाळल्या.

तिच्या घरात मी साठ वर्षांची होईपर्यंत धाकटीच होते. दूध किती वाजता तापवायचं, टावर चौकातल्या कुठल्या दुकानातून कणीक आणायची, कुणाच्या घरी किती वेळ बसायचं, सगळं तीच ठरवायची. बँकेत माझ्या सहीशिवाय पान हलत नव्हतं, आणि घरी आल्यावर ताई म्हणायची, "चपला नीट लाव." मला तिचा राग येत नसे. पण निवृत्त झाल्यावर मला जे हवं होतं ते एवढंच होतं की काही दिवस असं कुठेतरी असावं, जिथे कुणी 'कुठे निघालीस, कधी येशील' असं विचारणार नाही. समुद्रावर तसं असेल असं मला वाटायचं.

ताईला मी विचारलं नाही असं नाही. ती पोळ्या लाटत होती, मी दारात उभी होते. म्हटलं, "ताई, मी बोटीने चालले आहे दहा दिवस. तू येतेस का?"

ती पोळी उलटत म्हणाली, "नको गं. देवांचं कोण करेल?"

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. सुंठीवाचून खोकला गेला असं मला तेव्हा वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

कारण आमच्या घरात 'नको' चा अर्थ काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. पंगतीत पहिलं 'नको' म्हणजे नुसती मान हलवणं. दुसरं 'नको' म्हणजे ताटावर हात आडवा धरणं, तोही बोटं फाकवून. तिसऱ्यांदा वाढणाऱ्याने जिलबी टाकली की मग 'अहो, काय हे' म्हणत ती खायची. यजमानाने पहिल्या नकारावर भांडं पुढे नेलं तर पाहुणा उपाशी उठतो आणि यजमानाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. ताई याच शिस्तीतली. ती आपल्या वाढदिवसाची साडीसुद्धा दोनदा नाकारून घ्यायची.

आणि देवांचं म्हणाल, तर त्याचीही सोय होती. आम्ही दोघी लग्नाकार्याला ग्वाल्हेरला जायचो तेव्हा ताई देवांना आंघोळ घालून डब्यात तांदळावर ठेवायची, वरून चार अक्षता, झाकण, नमस्कार, की निघाली. देव तांदळात ठेवले की रोजच्या पूजेचं बंधन नाही. मी फक्त म्हणायला हवं होतं, "ठेवू की तांदळात." ती त्या वाक्यासाठी थांबली असणार. तव्यावरची पोळी जरा जास्तच भाजली गेली होती, हे मला आजही आठवतं.

निघताना तिने माझ्या हातावर दही ठेवलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर घरातल्या मोठ्याने चमचाभर दही ठेवायचं, ते खाऊन निघायचं, आणि 'जाते' म्हणायचं नाही. "येते म्हण," ती म्हणाली. मी येते म्हटलं. पिशवीत तिने शेवेचा अर्धा किलोचा पुडा घातला होता, कारण जहाजावर काय देतात कोण जाणे.

जहाजावर सगळं देत होते. ती गंमत मी नाकारणार नाही. सकाळी कुणी आपला चहा आपल्या खोलीत आणून देतो, पलंग कुणी दुसरंच आवरतं, जेवायला सात प्रकारचे काटे-चमचे, आणि मधल्या दिवसांत नुसता समुद्र. मला कुणी ओळखत नव्हतं. मी जेवायला उशिरा गेले, चपला वाटेल तशा काढल्या, दुपारी झोपले. खोलीत मात्र सगळं दोन-दोन होतं. दोन उशा, आंघोळीनंतरचे दोन अंगरखे, सपातांचे दोन जोड, आणि बाहेरच्या बाल्कनीत दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मी बसायचे, दुसरीवर माझी पर्स. खोली सांभाळणाऱ्या गोव्याच्या माणसाने तिथे माझा फोटो काढून दिला. तो मी ताईला पाठवला.

मी परत आल्यावर तिने फोटो मोठा करकरून पाहिला. "खुर्च्या चांगल्या आहेत," म्हणाली. मग शेव संपली का विचारलं. बास.

त्यानंतर दहा वर्षांत मी पाच वेळा गेले. ताईला पुन्हा विचारलं नाही. एकदा नको म्हणाली आहे, असं मी स्वतःला सांगत असे. खरं कारण मला हवं तेव्हा विसरता यायचं, आणि ते असं होतं की मला तिथे कुणाची धाकटी व्हायचं नव्हतं.

आणि पाण्याचं वेड कुणाला होतं, तर ताईला. रामघाटावर नावा चालतात. दसऱ्यानंतर नदीला पाणी बरं असतं, तेव्हा संध्याकाळी आम्ही जायचो. मी मधल्या फळीवर दोन्ही कडा धरून बसायचे. ताई सगळ्यांना ओलांडून पुढच्या टोकाला जाऊन बसायची. नाववाला ओरडायचा, "माताजी, बीच में बैठो," आणि वर्गाला गप्प करणारी माझी बहीण त्याला म्हणायची, "भैया, वहाँ से पानी नहीं दिखता." समोरच्या घाटावर आरती सुरू झाली की सगळी नाव तिकडे वळून बघायची. ताई पाण्याकडे बघत बसायची, एक हात मनगटापर्यंत बुडवून. हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

चौथ्या सफरीत, नॉर्वेच्या बाजूला, जहाज दोन डोंगरांच्या मधून इतकं हळू चाललं होतं की काठावरच्या घरांच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. डोंगरावरून पाणी सरळ समुद्रात पडत होतं. मी बाल्कनीत होते. मान वळवली आणि म्हटलं, "ताई, बघ." मोठ्याने म्हटलं. खुर्चीवर पर्स होती.

त्या दिवसापासून मला एकटं जाण्यातली मजा पुरती मिळाली नाही. काहीही चांगलं दिसलं की ते तिला दाखवावंसं वाटायचं, अगदी पोटातून वाटायचं. आणि घरी आले की मी अळीमिळी गुपचिळी. आता विचारायचं म्हणजे आधी का नाही विचारलं ते सांगावं लागणार. मी पुढच्या वेळी विचारू म्हटलं. पुढच्या वेळी पुन्हा पुढच्या वेळी म्हटलं. एवढ्यात ताईला चक्कर येण्याचा आजार जडला. डोळे उघडे ठेवून नुसती उभी राहिली तरी घर फिरतं म्हणायची. औषधं झाली, मानेचे व्यायाम झाले, थोडा फरक पडला. पण भिंत धरल्याशिवाय ती चालेनाशी झाली आणि रामघाट बंद झाला.

गेल्या दिवाळीनंतर समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण फराळाची ताटली परत द्यायला आली. माळव्यातलीच, बोलकी बाई. माझी पुढच्या सफरीची बॅग बाहेर काढलेली पाहून तिने ताईला विचारलं, "दीदी, आप कभी नहीं गईं जहाज पे?"

ताई चष्मा पुसत म्हणाली, "इसने पूछा था एक बार."

शेजारीण हसायला लागली. "एक बार? एक बार के पूछे पे तो हम किसी के यहाँ पानी भी नहीं पीते. मनुहार नहीं की आपकी?" मनुहार म्हणजे इकडचा आग्रह.

"अपने घर में क्या मनुहार," ताई म्हणाली आणि तिला चहा घेणार का विचारलं. शेजारीण नको म्हणाली. ताईने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा मला आत पाठवलंच. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी राहिले आणि मला रडू आलं. चहात आलं घालायचं विसरले, ते ताईने वासावरून बाहेरूनच ओळखलं.

शेजारीण गेल्यावर मी तिच्या पलंगाशी जाऊन बसले. म्हटलं, "ताई, ती खोली दोघींचीच असते. पैसे दोघींचेच भरावे लागतात. पहिल्यापासून."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या फोटोत सगळं दोन-दोन असतं. मी गणित शिकवलं आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मोकळी हसतेस त्या फोटोत. घरी अशी हसत नाहीस. म्हटलं, जाऊ दे."

मी म्हटलं, "आता चल."

"नको गं."

"चल ना. चाकाची खुर्ची देतात. जहाज हलत नाही फारसं."

"नको. देवांचं कोण करेल?"

"देव तांदळात ठेवू," मी म्हटलं. दहा वर्षं उशिरा का होईना, म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. "चल, ताई."

ती हसली. माझा हात घेतला आणि त्यावर थोपटत राहिली. "आता खरंच नको गं," म्हणाली. "मला आता घरातच बोट लागते."

मी सफर रद्द करायला निघाले होते. तिने करू दिली नाही. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, शेजारणीकडे किल्ली दिली, आणि माझ्या सगळ्या सबबी ताईने एकेक करून निकालात काढल्या. निघायच्या सकाळी ती भिंत धरत दारापर्यंत आली. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्यात दह्याची वाटी. चमचा धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून वाटी मी धरली. तिने दही ठेवलं. थोडं माझ्या बाहीवर सांडलं.

"येते म्हण."

"येते."

"आणि त्या दुसऱ्या खुर्चीवर पर्स ठेवत जाऊ नकोस," ती म्हणाली. "दर फोटोत तीच बसलेली असते."

हे मी जहाजावर लिहिते आहे. काल दुपारी पर्स खोलीत ठेवली आणि रिकाम्या खुर्चीचा फोटो काढून पाठवला. पुढे कठडा, त्यापलीकडे समुद्र, ऊन चांगलं पडलेलं. उज्जैनला तेव्हा तिची चहाची वेळ झाली असेल. थोड्या वेळाने तिचा फोन आला. आवाज तुटत होता, म्हणून तिने वर्गात सांगावं तसं सावकाश, दोनदा सांगितलं.

"खुर्ची जरा पुढे घे. इथून पाणी दिसत नाही."

मी उठून खुर्ची कठड्यापर्यंत ओढली.