काढलेली डिस्क वाजते तेव्हा

भूत, बाधा, करणी असलं कुणी सांगायला लागलं की मला आधी हसूच येतं. मेंटेनन्सचा माणूस आहे मी. मशीन बिघडलं तर कारण सापडतंच, फक्त शिव्या घालत शोधावं लागतं. तरीही चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये भर दुपारी मी माझ्या मित्राचा जबडा फोडला... आणि का फोडला, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

आमच्याकडे पत्रा दाबणारा जुना, अवाढव्य प्रेस आहे. त्याचा प्रोग्रॅम ज्या लॅपटॉपवरून भरतात तोही तितकाच म्हातारा. ते सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालतच नाही. त्याची हार्ड डिस्क मरायला टेकली होती. सुरू केला की 'कर्र... कर्र... टक्'. सगळं शॉप तो आवाज ओळखायचं. मी ती डिस्क काढली, अ‍ॅडॉप्टर लावून नवी एसएसडी बसवली, मोडेमच्या रिकाम्या जागेत छोटं वाय-फाय बोर्ड घातलं आणि अँटेनाची वायर स्क्रीनच्या कडेनं फिरवली. आता आत फिरणारं काहीच उरलं नाही – पंखा तर त्याला मुळातच नव्हता.

प्रेस ऑपरेटर संतोष शेजारच्याच म्हाळुंगे गावचा. "जुनी फेकू नगं राव, लई राबलीया ती," म्हणत त्यानं डिस्कला हळदकुंकू लावलं आणि आपल्या लॉकरमध्ये ठेवली. मी त्याची भरपूर टर उडवली.

थोड्याच दिवसांत लॅपटॉप वाजला. कर्र... कर्र... टक्. मी चमकून खाली वाकलो, त्याच क्षणी पलीकडे ग्राइंडरचा दगड फुटला. एक तुकडा माझ्या डोक्यावरून जाऊन मागच्या पत्र्यात घुसला. दुसऱ्यानं वेल्डरचा गाल दातांपर्यंत फाडला. नंतर संतोषला विचारलं तर म्हणाला, "न्हाई बा, आमाला काय ऐकू न्हाई आलं."

मग तो दिवस. प्रेसचा मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली संतोषच्या खिशात. डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, अडकलेला तुकडा काढायला तो खांद्यांपर्यंत आत शिरला. वरचा भाग अडवायला आधाराचा ठोकळा लाव म्हटलं, तर "दोन मिन्टाचं काम हाय, थांब की!" मी शेजारी लॅपटॉपवर बॅकअप घेत होतो. कर्र... कर्र...

'टक्'ची वाट पाहिली नाही. कॉलर धरून त्याला मागं ओढलं. "याड लागलं का तुला?" म्हणत तो चिडून परत आत वाकायला लागला, तेव्हा हातातला पाना सगळ्या ताकदीनं त्याच्या तोंडावर हाणला. हाड मोडलेलं माझ्या हाताला कळलं. तो रक्त ओकत मागं कोसळला आणि वरचा भाग धाडकन खाली आला. त्याचं हेल्मेट निसटून आत राहिलं होतं... त्याची चपाती झाली.

चौकशी झाली. ब्रेक ठीक, मेन बंदच. प्रेस का पडला याचं कारण उद्या सापडेलही. पण आवाज? लॅपटॉप पुन्हा पुन्हा खोलला मी. तसं करकरेल असं आत काही नाही. हॉस्पिटलात संतोषची बायको अंगावर धावून आली, "माणूस हायस का कसाई?" तारांनी बांधलेल्या जबड्यातून संतोष काहीतरी पुटपुटला आणि त्यानं तिला हाताला धरून मागं घेतलं.

आता तो कामावर आलाय. तोंड अजून वाकडंच आहे. ठोकळा लावल्यावरही तो लगेच आत हात घालत नाही, आधी मला लॅपटॉपपाशी बसवतो.

"वाजतंय का रं?"

"नाही."

"नक्की ना?"

"नाही वाजत, संतोष."

तेवढ्यावर विश्वास ठेवून तो आत वाकतो. आणि त्याची पाठ दिसत असते तोवर मी श्वास रोखून ऐकत बसतो... एखाद्या दिवशी तो आवाज आलाच नाही तर?