शरीराचे आधी ऐकणाऱ्या नलिनीताई

नलिनीताई आठल्ये यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती काम मागायला. लग्न होऊन नांदेडहून नेऱ्याला आले होते. यजमान हिंजवडीच्या कंपनीत. सकाळी न्यायला आलेली गाडी त्यांना अंधार पडल्यावर सोडी. इमारतीच्या एका अंगाला शेत, दुसऱ्या अंगाला नव्या इमारतीचा खोदलेला पाया. हाताशी मानसशास्त्राची पदवी होती, काम नव्हते, आणि दिवसभरात दूधवाल्याखेरीज कोणाशी बोलणे होत नसे. ओळखीच्या एका बाईंनी मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीचा पत्ता दिला.

पौड रस्त्यापासून आत ताईंचे दोन खोल्यांचे घर. एका खोलीत त्या राहत, दुसरीत समुपदेशन करीत. मी प्रमाणपत्रे पुढे केली. ती बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसला आहात. मागे टेकून नीट बसा, मग बोलू."

मी टेकले आणि मला एकदम रडू फुटले. ताईंनी कारण विचारले नाही. माझ्या डोळ्यांवर ऊन येत होते, म्हणून खिडकीचे एक दार त्यांनी लोटून घेतले आणि समोर बसून राहिल्या. त्या दिवसापासून मी त्यांची सहकारी झाले, आणि माझ्या दृष्टीने शिष्याही.

ताईंनी पुण्यात कितीतरी वर्षे समुपदेशन केले. बोलल्याने माणूस मोकळा होतो, हे त्या शिकल्या होत्या आणि इतरांना शिकवत होत्या. पण मोठा आघात सोसलेली काही माणसे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत आणि आली त्याहून वाईट अवस्थेत घरी जात, हे त्यांच्या लक्षात आले. सांगताना त्यांचा श्वास अडकतो, जबडा आवळतो, तळवे गार पडतात; तोंड बोलत असते आणि शरीर अजून त्या प्रसंगातच अडकलेले असते. तेव्हापासून ताई शब्दांच्या आधी शरीराकडे वळू लागल्या. व्यावसायिकांच्या एका बैठकीत त्यांनी हे मांडले, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "नलिनीबाई, हे तुम्ही व्यायामशाळेत शिकवा." सगळे हसले. हळूहळू त्यांच्याकडे माणसे पाठवणे बंद झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ताईंचे यजमान वारले आणि त्या मुळशीत राहायला आल्या.

मेथी निवडता निवडता त्यांनी मला हे सांगितले. मी विचारले, "राग नाही आला?"

"आला. पण त्याहून जास्त म्हणजे करमेनासं झालं. ज्यांच्याशी या कामाबद्दल बोलावं, तेच हसले होते."

त्यांच्या कामाचे मोल मला ज्या प्रसंगातून कळले, तो ज्याच्यावर गुजरला त्याच्या परवानगीने, नाव बदलून सांगते. दत्तू कोळवण खोऱ्यातला. पौडपर्यंत जीप चालवायचा. एका उतारावर ब्रेक लागला नाही आणि जीप रस्त्याखालच्या मोरीत गेली. शेजारी बसलेला धाकटा भाऊ जागीच गेला. दत्तूला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्यानंतर त्याचे बोलणे जवळजवळ थांबले. आधी कुठेतरी त्याला अपघात सांगायला लावले होते, तेव्हा तो उलट्या करीत बाहेर पडला होता. बायको संगीता त्याला घेऊन आली. तो भिंतीकडे पाहत होता आणि त्याचा उजवा पाय जमीन दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

"निजल्याव बी ह्यांचा पाय दाबतोय, बाई," संगीता म्हणाली. "खाट हालती. सासूबाई ह्यांच्याशी बोलत न्हाईत. घरात समदी हायेत, पन ह्यांच्याजवळ कोन बसत न्हाई. परवा हिरीच्या काठाला बसलेलं गावलं."

विहिरीचे ऐकताच ताईंनी मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला आणि त्याच दिवशी दोघांना तिकडे पाठवले. औषधे सुरू झाली. दत्तूला एकटे सोडायचे नाही, हे संगीताला नीट समजावले. ताईंना आपल्या पद्धतीचा अभिमान होता, पण तिच्या मर्यादाही त्यांना ठाऊक होत्या.

पुढचे कित्येक आठवडे अपघाताचा विषयच निघाला नाही. दत्तूच्या संमतीने मी कोपऱ्यात बसत असे.

"आत्ता कुठे बसलात?" ताई विचारीत.

"हितं."

"इथं म्हणजे?"

"तुमच्या घरी. खुर्चीव."

"पाठीला काय लागतंय?"

"लाकूड."

एवढेच. घाबरल्यासारखा झाला, की ताई त्याला खिडकीतून काय दिसते ते विचारीत, पावलांखालची फरशी गार आहे का ते विचारीत. हळूहळू त्याचे खांदे खाली येऊ लागले. मग एके सकाळी ताईंनी भिंतीला एक कडक लोड टेकवून ठेवला.

"तुमच्या पायाला जे करायचंय ते त्याला करू द्या. पण सावकाश. नको वाटलं की थांबायचं, मला विचारायचं नाही."

दत्तूने लोडावर पाय रोवला आणि दाबला. मांडी थरथरू लागली, मानेवर घाम आला. ताईंचा श्वास संथ चालू होता आणि दत्तू मधून मधून त्यांच्याकडे पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याचा पाय सैल पडला. तो त्या पायाकडे बघत राहिला.

"जीप थांबली?" ताईंनी हळूच विचारले.

"थांबली," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्या बरेक दाबला हुता. लई दाबला. आईला वाटतंय, म्या दाबलाच न्हाई."

आणि तो रडला. ताईंनी "हात धरू का?" असे विचारले, त्याने मान डोलावली, तेव्हाच त्यांनी हात धरला.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "चमत्कारच झाला."

"असं म्हणू नकोस. पाय सुटला म्हणून बोलता आलं, इतकंच. बरं व्हायला अजून पुष्कळ बोलावं लागेल."

तसेच झाले, कित्येक महिने लागले. दत्तूच्या विनंतीवरून ताई एसटीने त्याच्या घरी गेल्या. मी सोबत होते. आई ओट्यावर पाठ करून बसली होती. दत्तूने तिच्या पाठीकडे बघत सारे सांगितले. ती उठून आत गेली आणि आतून म्हणाली, "भात गार व्हतोय. जेव." अपघातानंतर ती त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. दत्तूने पुन्हा जीप चालवली नाही. तो शेती बघतो. कधीकधी पाय अजून दाबला जातो. तेव्हा काय करायचे हे त्याला माहीत आहे.

सगळीच माणसे अशी सावरली नाहीत. हिंजवडीत काम करणारी एक मुलगी काही वेळा आली आणि यायची थांबली. तिची वेळ ताईंनी कितीतरी आठवडे मोकळी ठेवली. दुसऱ्या कोणाला बोलावू का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "नको. आलीच तर दुसरं कुणी बसलेलं दिसायला नको." ती आली नाही. त्या वेळेला ताई रिकाम्या खुर्चीसमोर बसून असत.

माझे वडील गेले आणि नांदेडहून मी नेऱ्याला परतले, तेव्हा ताई गाड्या बदलत माझ्याकडे आल्या. दारातच म्हणाल्या, "मी बोलायला आलेली नाही. ते ओले कपडे वाळत घालायचे राहिलेत ना, चल, घालू." आम्ही दोघींनी बादलीतले कपडे पिळले, झटकले, दोरीवर घातले. शेवटच्या चादरीपाशी मी वडिलांविषयी बोलू लागले. त्या चादरीचे दुसरे टोक धरून ऐकत राहिल्या.

या कामात ऐकलेले कोणापाशी उघड करता येत नाही. ताईंचा मुलगा परदेशी. रविवारी फोन येतो. एकदा मी विचारले, "तुम्ही एवढ्यांचं ऐकता, तुमचं कोण ऐकतं?"

"कोणी नाही," त्या सरळ म्हणाल्या. "सवय झाली आहे असं म्हणायला हवं. पण झालेली नाही. शेवटचा माणूस गेला की घर मोठं वाटायला लागतं."

आता पुण्याहून तरुण समुपदेशक त्यांच्याकडे शिकायला येतात. ताईंना त्याचा आनंद आहे. पण ते सारे संध्याकाळच्या गाडीने परत जातात.

ताईंनी आज पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, श्वास असाच संथ राहो, आणि निरोगी वर्षांची भरपूर शिदोरी त्यांना लाभो. आणखी एक मागणे आहे. एखाद्या संध्याकाळी शेवटची एसटी गेल्यानंतरही कोणीतरी त्यांच्या घरी असावे; ज्याला काहीही दुखत नाही, जो नुसता राहायला आला आहे, आणि ज्याने पहिला प्रश्न ताईंना विचारावा, की आज तुम्ही कशा आहात.