सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचं घड्याळ

माझी थोरली बहीण कॉम्प्युटर दुरुस्त करते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे आणि मी तिच्या हाताखाली असते. फोन घेते, आलेल्या मशीनवर चिठ्ठ्या चिकटवते, गिऱ्हाइकांचं रडगाणं ऐकून घेते. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं, कारण ताईला ते जमत नाही. गिऱ्हाईक दोन वाक्यं बोललं की ती म्हणते, "ठीक आहे, ठेवून जा." मशीन चालू करून त्याला कान लावते, पंख्याचा आवाज ऐकते, आणि बहुतेक वेळा तिथंच तिला दुखणं कळतं. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. तिला ते आवडतं, पण तसं दाखवत नाही.

लग्न तिनं केलं नाही. आधी टायपिंग शिकली, मग टायपिंगचे दिवस संपले तेव्हा बत्तिसाव्या वर्षी पोरासोरांच्या वर्गात बसून कॉम्प्युटर शिकली. एक बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्यावर लोक कसे बघतात ते तिनं पुष्कळ पाहिलंय. त्यामुळे आपलं चुकलं असं म्हणायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. चुकून चालणारच नव्हतं ना तिला.

गावाबाहेर पुठ्ठ्याचे खोके बनवायचा एक कारखाना आहे. त्याच्या फाटकाशी काचेची एक लहानशी खोली, तिथं हजेरीचा कॉम्प्युटर. कामगार येताना-जाताना आपलं कार्ड टेकवतात आणि वेळ नोंदली जाते. त्या खोलीत बसायचे ते हजेरीकाका. कॉम्प्युटर यायच्या आधी बावीस वर्षं त्यांनी हाच हिशेब वहीत ठेवला होता. अंगानं किरकोळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे, बोलताना आधी घसा साफ करणारे.

त्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडायला लागलं. कधी चाळीस मिनिटं, कधी दोन तास. कारखान्याचा फोन आला तेव्हा ताई म्हणाली, "सेल गेला असणार." कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. ताई गेली. जुना सेल पत्र्याच्या पकडीत घट्ट बसला होता, तो तिनं स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून काढला, नवा बसवला, त्याच्यावर बारीक अक्षरात तारीख लिहिली आणि अर्ध्या तासात परत आली.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. घड्याळ मागंच पडतंय.

या वेळी मीही तिच्याबरोबर गेले होते. ताईनं नवा सेल काढून मीटरवर तपासला, तो ठणठणीत होता. इतर सगळ्या सेटिंग पाहिल्या. मग वेळ बरोबर लावून दोन तास तिथं बसून राहिली. घड्याळ एका सेकंदानंही मागं पडलं नाही.

हजेरीकाका तिच्या खुर्चीमागं उभे होते. घसा साफ करून म्हणाले, "बाई, एक सांगू का? हे रोज होत नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी जाताना मी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद करून जातो, आणि मग..."

"बघते हं, काका," ताई म्हणाली. मान वळवली नाही तिनं.

मी ते वाक्य ऐकलं होतं. पूर्ण ऐकलं होतं. पण मशीनच्या बाबतीत मी तोंड उघडायचं नाही, असा आमचा न बोलता ठरलेला नियम होता. यात माझा वाटा केवढा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ताईनं कॉम्प्युटरच्या पोटातली एक नोंद उघडली. वेळ कुणी, कधी बदलली ते तिथं आपोआप लिहिलं जातं. दोन महिन्यांत अकरा वेळा बदललेली. अकराच्या अकरा वेळा काकांच्या नावानं. ताईनं तो कागद छापून घेतला, त्याची एक प्रत स्वतःच्या फाइलला लावली आणि दुसरी मॅनेजरसाहेबांपुढं ठेवली.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "कुणीतरी हातानं वेळ बदलतंय."

साहेबांनी कागद पाहिला, मग खिडकीतून फाटकाकडं पाहिलं. घड्याळ मागं असलं की उशिरा येणारा माणूस वेळेवर आल्यासारखा दिसतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. "कुणाकुणाला सांभाळून घेतोय कोण जाणे," ते पुटपुटले.

ताई गप्प राहिली. नुसतं "माझी खात्री नाही" एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. पण खात्री नाही असं ती कधी म्हणत नसे.

आठवड्याभरात काकांना काढलं. आम्हाला ते कारखान्यातल्या एका बाईकडून कळलं. "फाटकाशी सगळ्यांसमोर त्यांची पिशवी तपासली हो," ती सांगत होती. "डब्याचं झाकणसुद्धा उघडायला लावलं." ताई तेव्हा एका प्रिंटरमध्ये डोकं घालून बसली होती. म्हणाली, "वाईट झालं. पण करायचं कशाला असलं?" त्यानंतर घड्याळाची तक्रार आली नाही. म्हणजे दोष माणसातच होता, हे सगळ्यांच्या मनात पक्कं झालं.

आठ महिने गेले. कारखान्यानं फाटकावर नवा कॉम्प्युटर बसवला आणि जुना आमच्याकडं सुटे भाग काढायला पाठवला. दुपारची वेळ होती, मी चिठ्ठी लिहीत होते. ताईनं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"इकडं ये. मला जे दिसतंय तेच तुला दिसतंय का सांग."

सेलवर तिच्याच अक्षरातली तारीख होती. सेल धरून ठेवणारी पत्र्याची जीभ बाहेरच्या बाजूला वाकलेली होती आणि तिच्यावर एक चकचकीत ओरखडा होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाएवढा. सेल टेकला तर टेकला, नाही तर नाही, असा लोंबकळत होता.

ताईनं काही सुटं केलं नाही. मशीन तसंच चालू करून वेळ लावली आणि संध्याकाळी बोर्डावरचं बटण बंद केलं. सकाळी चालू केलं तर घड्याळ एक तास दहा मिनिटं मागं. दुसऱ्या दिवशी तेच केलं, पन्नास मिनिटं मागं. तिसऱ्या दिवशी बटण बंद केलंच नाही. घड्याळ बरोबर.

"काकांना काढल्यापासून तिथं सुट्टीलाही पहारेकरी बसतो," ती म्हणाली. "त्याला दिवा लागतो, पंखा लागतो. बोर्ड बंदच होत नाही. म्हणून काका गेल्यावर तक्रार आली नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. "आधी सेल संपला होता. मग मी पकड वाकवली. आणि तो माणूस मला सांगत होता गं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणत होता."

"पण त्या नोंदी?" मी म्हणाले. मला तिला कुठून तरी सोडवायचं होतं. "अकरा वेळा त्यांनी वेळ बदललेली होतीच की."

ताईनं फाइल काढली. त्या कागदावर प्रत्येक नोंदीत दोन वेळा असतात, आधीची आणि नंतरची. तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मग कागद माझ्याकडं सरकवला. अकराही वेळा काकांनी घड्याळ पुढं केलेलं होतं. मागं पडलेलं घड्याळ ते मनगटावरचं बघून बरोबर लावत होते. कुणाला त्रास नको म्हणून, गुपचूप.

"मी फक्त नाव वाचलं," ताई म्हणाली. "आणि किती वेळा ते मोजलं. बाकी मी वाचलंच नाही."

त्यानंतरचे चार दिवस ती कामावर बसायची, पण हात चालायचे नाहीत. मी सुचवलं की कारखान्याला चिठ्ठी लिहू. ती म्हणाली, "पिशवी सगळ्यांसमोर उघडली होती, आणि मी चिठ्ठी लिहू?" पाचव्या दिवशी सकाळीच चप्पल घालून ती माझ्यापुढं उभी राहिली. "चल. एकटीनं गेले तर फाटकावरनं परत येईन."

मॅनेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलले. "अहो बाई, तो विषय संपला. आता उकरून काय मिळणार? आणि कागद तर तुम्हीच आणून दिलात."

"मीच दिला. म्हणून मीच आलेय. त्यांना परत घ्या."

"त्यांच्या जागी माणूस घेतलाय. शिवाय त्यांचं वय..."

"चूक माझी होती, त्यांचा काही दोष नव्हता, एवढं कारखान्याच्या कागदावर लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी."

साहेब "बघू" म्हणाले. ज्या सुरात म्हणाले, त्या सुरातलं "बघू" आम्हाला चांगलं कळतं. ताई जागची हलली नाही. बाहेर दोन माणसं खोळंबली, फोन वाजून वाजून थांबला, तरी नाही. शेवटी कागद टाइप झाला. त्यात दोन चुका होत्या, त्या तिनं दुरुस्त करून घेतल्या.

काका एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होते. दार काकूंनी उघडलं. ताईनं आपण कोण ते सांगितलं, तशी काकूंचा हात कडीवरच राहिला. "म्हणजे कागद देणाऱ्या त्या तुम्ही," त्या म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या.

काका खाटेवर बसले होते. ते आता एका दवाखान्यात चपला सांभाळायचं काम करत. आठ महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. दाराशेजारी खिळ्याला दोरीनं एक वही टांगलेली होती, तिचं पान उघडं होतं. गॅस बंद केला, सात दहा. नळ बंद केला, सात पंधरा. दाराला कुलूप, सात वीस, दोनदा ओढून पाहिलं.

ताई उभ्यानंच बोलली. वाकलेली पकड, ओरखडा, बोर्डाचं बटण, सगळं सांगितलं. स्वतःला कुठं झाकलं नाही. काका ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "म्हणजे मी केलं नव्हतं?"

"नाही, काका."

"झोपेत, विसरून, चुकून बटण दाबलं, असंही नाही?"

"नाही."

काकूंचा आवाज एकदम फुटला. "अहो, यांना मी डॉक्टरांकडं नेलं! विसरायचा आजार आहे का बघायला. सगळे म्हणतात कागदावर नाव आहे, तर असेलच काहीतरी, असं स्वतःच म्हणायला लागले. ही वही बघा. गॅस बंद केला की लिहायचं. का, तर स्वतःच्या हाताचा भरवसा नाही!"

ताईला मी कधी रडताना पाहिलेलं नाही. तेव्हाही रडली नाही. तिनं नोंदींचा कागद काढून काकांपुढं धरला. काकांनी चष्मा लावला आणि बोटानं एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीला थांबून विचारलं, "ही पुढं केली ना मी?" आणि ताई प्रत्येक वेळी म्हणाली, "हो, पुढं." अकरा वेळा.

"हा मी ठेवून घेतो," काका म्हणाले. ताईनं पुढं केलेलं कारखान्याचं पत्र मात्र त्यांनी वाचून परत दिलं. "हे फाटकाशी वाचा. दोनच्या पाळीला. पिशवी तिथंच उघडली होती."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सुटणारी पाळी बाहेर पडत होती, येणारी आत जात होती, आणि ताई फाटकाच्या मधोमध पत्र घेऊन उभी राहिली. साहेबांनी नाही म्हटलं नाही, पण स्वतः आले नाहीत. ताईला मोठ्यानं बोलायची सवय नाही. पहिल्या ओळी कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. मग कापणी खात्यातली एक बाई ओरडली, "अगं थांबा गं सगळ्या, काकांचं काहीतरी सांगतायत!" तेव्हा गर्दी थांबली. ताईनं पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, आणि पत्रात नव्हतं तेही बोलली. काकांनी मला कारण सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

"मग आता त्यांना परत घेणार का?" त्या बाईनं विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "मी विचारलं. नाही म्हणाले."

कुणीतरी तिला चार शब्द सुनावेल असं मला वाटलं होतं. पण माणसं हळूहळू आपापल्या वाटेनं गेली. काका आले नव्हते. रस्त्याच्या पलीकडं काकू उभ्या होत्या. शेवटपर्यंत ऐकून, आमच्याकडं न बघता त्या निघून गेल्या.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. काका अजून दवाखान्यातच काम करतात. कधी रस्त्यात दिसले तर मान हलवतात. मग ताई दुकानात येऊन थोडा वेळ नुसती बसते.

"त्यांनी माफ केलं असेल का गं?" परवा तिनं विचारलं.

"तसं काही म्हणाले नाहीत ते," मी म्हणाले. खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण सांगितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तसं म्हणाले नाहीत." आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तिनं बसायला खुर्ची दिली. "सांगा, काय काय होतंय?"