ओसरीवर कुणी गेलं नाही

मैत्रिणींनो, आज सकाळी पुण्याहून एक जोडपं आमचं घर विकत घ्यायला म्हणून बघायला आलं. विहीर, गोबरगॅस, परसातली भाजी, दोन गाई बघून बाई हरखल्या. मी म्हटलं, "ओतूरच्या बाजारातून मीठ आणि चहा तेवढा आणते. बाकी सगळं इथलंच."

ओसरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "घरात कुणी वारलंबिरलं नाही ना? आम्हाला ते चालत नाही."

माझा मुलगा लगेच म्हणाला, "छे! वडील पुण्याला दवाखान्यात गेले. आईला विचारा की."

दवाखान्यातून ह्यांना आम्ही परत आणलं होतं. "मला माझ्या ओसरीवर मरू दे," म्हणून त्यांनी याच मुलापुढे हात जोडले होते. बाई बसल्या होत्या, तिथंच ह्यांचा दिवा ठेवला होता.

मी म्हटलं, "हो, दवाखान्यातच गेले."

व्यवहार ठरला. गाडी गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, लई भारी बोललीस. शेजारच्या हिराकाकूलाबी सांगून ठेव, न्हाईतर ती बोलून बसायची."

मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा ह्यांच्या तोंडात शेवटचं पाणी हिराबाईंनीच घातलं होतं. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू?